पहिला राब

अनंता वेगळा निघाला तो काही हिंमत करून नव्हे. तोंडातून शब्द निसटला आणि बापानं तो खाली पडू दिला नाही, एवढंच झालं.

पौष संपता संपता खळ्यावर मळणी चालली होती. बैल फिरत होते, अनंता मागून हाकत होता. एका बैलाची मुसकी सैल बांधली गेली होती. ती निसटली आणि त्या बैलानं भाताच्या पेंढीत तोंड घातलं. देवजी खळ्याच्या कडेला चार माणसांत बसला होता. तो उठला, लेकाच्या हातातली दोरी काढून घेतली आणि म्हणाला, "हो बाजूला. चोवीस वर्सांचा घोडा झालास, बैलाला मुसकी बांधता येत नाय."

चार माणसं हसली. हसण्यासारखंच होतं ते. पण सूप घेऊन उभ्या असलेल्या गोदूनं, म्हणजे अनंताच्या बायकोनं, मान खाली घातली आणि अनंताच्या कानशिलात ऊन शिरल्यासारखं झालं.

"मंग मी वेगळाच राहतो," तो बोलून गेला.

त्याला वाटलं, बा आता म्हणेल, गप बस. आई पदराला हात पुसत येईल, दोन शब्द त्याला ऐकवील, दोन बापाला, आणि संध्याकाळी सगळे एका पंगतीला जेवायला बसतील. देवजीनं गालातली तंबाखू दुसऱ्या गालात नेली. "बरं," तो म्हणाला. "उद्यापासून रहा."

टेंभवाडीत एकदा चार माणसांदेखत बोललेला शब्द मागं घेता येत नसे. निदान देवजीच्या घरात तरी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवजी त्याला घेऊन वर चढला. वाडी सिद्धगडाच्या पायथ्याशी, आणि वाडीच्याही वर, जिथं शेवटचं खाचर संपून चढ लागतो, तिथं एक तुकडा होता. खाली भाताचं एक खाचर, वर राबापुरती सपाटी, त्याच्या वर गवताचा पट्टा, आणि मग चुना लावलेले हद्दीचे दगड. दगडांपलीकडे सरकारचं राखीव रान.

"ह्यो तुझा," देवजी म्हणाला. "बियाण्याचं भात टोपलीभर देईन. नांगराला बैल दोन दिस नेशील. बाकी तुझं तू बघ." आणि थोडं थांबून, "पावसाच्या आगोटीआधी परत येशील. आयस दार लावणार नाय."

देवजी अन्यायी माणूस नव्हता, हीच खरी अडचण होती. बाप वाईट असता तर अनंताला रागावर जगता आलं असतं. हा तर तुकडाही बरा देत होता, बैलही देत होता, आणि हरशील हेही शांतपणे सांगत होता. अनंताला त्याचं खरं वाटलं.

आठ दिवसांत खोप उभी राहिली. कारवीचा कुड, वर गवताचं छप्पर, मध्ये चार खांब. गोदूनं शेणानं जमीन सारवली आणि तीन दगडांची चूल मांडली. बाईजा, अनंताची आई, खापरात निखारे घेऊन चढ चढून आली. चुलीत निखारे ओतले, सुनेच्या पाठीवरून हात फिरवला, आणि लेकाकडे न बघताच परत खाली उतरली. लेकाकडे बघितलं असतं तर तिला रडू आलं असतं, आणि मग त्यालाही आलं असतं.

अनंताला भीती वाटायची. हे सांगायला लाजण्यात काही अर्थ नाही, त्याला भीतीच वाटायची. पहाटे उठल्यावर काय काम करायचं हे सांगायला कुणी नसे, याची भीती. आजवर तो उठायचा तेव्हा देवजीचा खाकरा ऐकू यायचा, आणि त्या खाकऱ्यामागून दिवसभराचं काम यायचं. आता तो दारात उभा राहायचा आणि दिवस त्याच्यापुढं रिकामा पडलेला असायचा. दुपारी रानातून वानरं ओरडली तरी तो कोयत्याला हात घालायचा. गोदू हसायची. पण तिलाही भीती होती. ती उंबरमाळीकडची, रानातलीच पोर, तिला वाघराची नव्हती. तिला भीती होती डोक्यावर गाठोडं घेऊन सासऱ्याच्या दारात परत उभं राहण्याची. जावा नव्हत्या, पण गाव होतं. पाणवठ्यावर बाया काय बोलल्या असत्या ते तिला आत्ताच ऐकू यायचं.

आणि हे सगळं अडलं होतं राबावर.

राब म्हणजे रोपांची जागा भाजायची. त्या भाजलेल्या मातीत बी पेरायचं, रोप वाढलं की उपटून खाचरात लावायचं. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर खाचर रिकामं, आणि खाचर रिकामं राहिलं तर परत जाण्यावाचून गत नाही. इतकं ते सरळ होतं.

दीड महिना दोघं राबासाठी राबली. अनंता ऐनाच्या झाडावर चढून टाहाळ, म्हणजे पानांच्या फांद्या, तोडायचा, गोदू भारे बांधून डोक्यावरून आणायची. तिची मान अशी आखडली की भाकर थापताना तिला सगळं अंग वळवावं लागे. अनंताच्या पोटऱ्या ऐनाच्या खरबरीत सालीनं सोलून निघाल्या. टाहाळ वाळली तसे थर रचले. खाली शेण, त्यावर टाहाळ, त्यावर वाळक्या पानांचा पातेरा, त्यावर गवत, आणि सगळ्यावर बोटांनी चुरलेली माती, आग दबून राहावी म्हणून. थर त्यानं अगदी बापासारखे रचले. लहानपणापासून तेच तर केलं होतं. बाप फक्त पेटवायचा.

आणि पेटवताना त्यानं कधी बघितलंच नव्हतं.

यात त्याची चूक नव्हती. बारा वर्षांचा झाल्यापासून राब भाजायच्या दिवशी देवजी त्याला हातात हिरवी डहाळी देऊन वर, हद्दीच्या दगडांपाशी उभा करायचा. "पाठ राबाकडं, डोळे रानाकडं," देवजी सांगायचा. "आगीकडं बघू नको. आग मी बघतो. ठिणगी कुठं पडते ते तू बघ." अनंता तसाच उभा राहायचा. पाठीला धग लागायची, धूर डोक्यावरून जायचा, गवतात ठिणगी पडली की तो धावत जाऊन डहाळीनं मारायचा. बारा वर्षं. एकदा तोंड वळवलं होतं तर देवजीचा खडा येऊन पाठीत बसला होता.

"तुझ्या बापाकडं कसं पेटवत?" त्यानं गोदूला विचारलं.

"आमाला काय ठावं," ती म्हणाली. "पेटवायच्या येळेला बाया लांब जातात. भारे आणायचे तेवढे आमी."

"मी जाऊन बाला इचारू?"

गोदूनं मान वर न करता चुलीतलं लाकूड आत सारलं. त्यातच अनंताला उत्तर मिळालं. तो गेला नाही.

चैत्र उलटला. खाली देवजीचा राब भाजून झाला होता, चौकोनी काळा डाग वरून स्पष्ट दिसायचा. त्या दिवशी नेमका अनंता भारा आणायला पलीकडच्या डोंगरावर होता. आला तेव्हा नुसती राख धुमसत होती. त्यानं कपाळाला हात लावला.

मग तीन सकाळी अशाच गेल्या. उठायचं, राबाभोवती फिरायचं, माती चिमटीत धरायची, आभाळाकडे बघायचं. बाप असंच काहीसं करायचा. पण बापाला त्यातून काही कळायचं आणि अनंताला काही कळत नव्हतं. खरं तर तो वाट बघत होता. बा एक दिवस चढून येईल, शिव्या देईल, कोलीत हातातून काढून घेईल. ती दोरी काढून घेतली तसं. आणि या वेळी आपण एक शब्द बोलणार नाही, असं त्यानं ठरवलं होतं.

चौथ्या दिवशी गोदू म्हणाली, "अवो, आज पेटवा. पातेरा उडाया लागलाय. अवकाळी एक सर आली तर दीड महिना मातीत जाईल."

"पेटवतो," तो म्हणाला आणि बांधावर जाऊन बसला.

सूर्य हातभर वर आला. वारा पडलेला होता, पानही हलत नव्हतं. ती राब पेटवायचीच वेळ होती, पण अनंताला ते माहीत नव्हतं. खालच्या वाटेनं देवजी बैल घेऊन निघालेला दिसला. वाटेच्या वळणावर तो थांबला. त्यानं वर बघितलं. अनंता उभा राहिला. देवजी बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि तो पुढं गेला.

अनंता पुन्हा खाली बसला. त्याला रडू येईल असं वाटलं आणि मग राग आला. असा राग की त्यात ऊन डोक्यावर आलं तरी त्याला समजलं नाही. दुपारचा पश्चिमेचा वारा सुटला तेव्हा तो उठला.

"गोदे, कोलीत दे."

"आता? वारा आलाय."

"वारा बराच हाय. चटकन पेटंल."

कोलीत घेऊन तो राबापाशी आला. चार कडा होत्या. कुठली? त्यानं डोळे मिटून आठवून बघितलं. त्याला फक्त दगड दिसले, रान दिसलं, आणि पाठीवरची धग आठवली. मग त्यानं वाऱ्याकडे पाठ केली आणि जिथं उभा होता तिथंच, पश्चिमेच्या कडेला, कोलीत लावलं. वारा त्याच्या पाठीकडून राबावर आणि राबावरून सरळ रानाकडे वाहत होता.

वारा जिकडं वाहत जातो त्या बाजूच्या कडेनं राब पेटवायचा असतो. म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध, इंच इंच मागं सरकते आणि खालची माती हळूहळू भाजते. टेंभवाडीतल्या कुठल्याही कर्त्या माणसाला हे विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. इतकं साधं होतं ते, म्हणून तर कुणी सांगितलं नव्हतं.

आधी धूर आला. मग वाऱ्याची एक झुळूक आली आणि आग उभी राहिली. अनंतानं असा आवाज कधी ऐकला नव्हता, सगळ्या बाजूंनी कापड फाटावं तसा. मातीचा थर उडून गेला. पान खाऊन थुंकावं एवढ्या वेळात आग राबाच्या या टोकाची त्या टोकाला गेली, बांधावर चढली आणि पलीकडच्या वाळल्या गवतात उतरली.

वर खोप होती. खोपीच्या वर दगड, आणि दगडांच्या वर रान.

क्षणभर अनंताला वाटलं, पळावं. खाली ओढा, ओढ्यातून वाट, वाटेनं शहापूर, तिथून आगगाडी. मुंबईत कुणी कुणाला विचारत नाही म्हणतात. रान पेटलं तर सगळ्या वाडीला टाहाळ तोडायची बंदी होईल, जंगलखात्याचा गार्ड बेड्या घालील, बाप चार माणसांत मान खाली घालील. गोदूची आठवण त्याला त्या क्षणात झाली नाही. पुढं आयुष्यभर हे त्यानं कुणालाही सांगितलं नाही.

"अवो," गोदू ओरडली. ती पाण्याचा हंडा घेऊन आगीपुढं उभी होती. एका हंड्यानं काय होणार होतं?

तो धावला. डहाळी तोडली आणि आगीकडे न बघता रानाकडे बघितलं. हे त्याला येत होतं. बारा वर्षं त्यानं हेच केलं होतं. ठिणग्या कुठं पडतायत, कुठलं गवत आधी धरतंय, वारा कुठं वळतोय, सगळं त्याला दिसायला लागलं. आणि त्याला दिसलं की गवतातली आग मारता येईल, दगडांपाशी ते विरळ होतं. पण खोपीच्या छपराला लागली तर पेटलेल्या पेंढ्या वाऱ्यावर उडून सरळ रानात पडतील. मग कुणाच्या बापाला ती थांबणार नाही.

"खोप पाड," तो म्हणाला.

गोदूनं त्याच्याकडे बघितलं. सकाळीच तिनं ती सारवली होती. एक श्वास ती थांबली, आणि मग हंडा टाकून कुडाला जाऊन भिडली.

दोघांनी छप्पर ओढलं. आठ दिवसांत बांधलेलं, पण गाठी पक्क्या होत्या. बाकी काही नाही तरी गाठी त्यानं घट्ट मारल्या होत्या. कोयत्यानं बंध तोडायचे, पेंढ्या कवटाळायच्या, ओढ्याच्या कोरड्या दगडांत नेऊन फेकायच्या. धूर नाकातोंडात गेला. गोदूच्या लुगड्याचा काठ जळाला, तो तिनं तळहातानं विझवला. कुड आडवे झाले. शेवटची पेंढी ओढली तेव्हा आग खोपीच्या अंगणात आली होती, आणि तिथं सारवलेल्या जमिनीवर तिला खायला काही नव्हतं. ती दोन बाजूंनी फाटून वर गेली.

डाव्या बाजूला अनंता धावला. उजव्या बाजूला कुणीतरी आधीच डहाळी आपटत होतं. देवजी. त्याच्या डोक्याला फडकं नव्हतं, धोतराचा सोगा खोचलेला, आणि तो काहीही न बोलता मारत होता. तिघं मारत राहिले. दगडांपाशी आग बसली. दोन दगडांच्या मधून ती पाच-सहा हात आत गेली, सागाची चार कोवळी रोपं करपली, आणि तिथं देवजीनं तिला पायांनी तुडवून मारली.

मग तिघंही जळल्या गवतातच खाली बसले.

देवजी खोकला, थुंकला, डोळे पुसले. त्याच्या भुवया जळल्या होत्या. "वारा पाठीशी घेऊन पेटवलास," तो म्हणाला.

"मला कधी बघू दिलंत?" अनंता म्हणाला.

बापाला असं उलट बोलायची त्याची ही दुसरी वेळ. पण या वेळी शब्द निसटला नव्हता. देवजी उठून राबापाशी गेला. राखेत चार बोटं खुपसली, खालची माती काढून चुरली, वास घेतला.

"वरवर भाजलाय. निम्म्यात तण माजंल," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "माझ्यातलं रोप घे. आता चला घरी. आयस वाट बघतीया."

अनंताच्या सगळ्या अंगाला जावंसं वाटलं. पायांना, पाठीला, सोललेल्या हातांना. खाली गेलं की आई पाणी देईल, बा खाकरेल, उद्या काय करायचं ते बा सांगेल. त्यानं गोदूकडे बघितलं. ती भाजलेला तळहात ओल्या मातीत दाबून बसली होती. चल म्हणाली नाही, नको म्हणाली नाही.

तेवढ्यात दगडांच्या बाजूनं गार्ड उतरला. धूर बघून आला असावा. घामानं खाकी कपडे अंगाला चिकटलेले, हातात कुऱ्हाड. त्यानं करपलेली रोपं कुऱ्हाडीच्या दांड्यानं हलवून बघितली, मोजली, आणि मग खाली तिघांकडे बघितलं.

"राब कुणाचा?"

देवजी उठला. इतक्या चटकन उठला की त्याचा गुडघा वाजला. त्यानं हात जोडले. "माझा, सायेब. देवजी म्हणत्यात मला. चूक झाली. म्हातारा झालो, वाऱ्याचा अंदाज नाय आला."

उभ्या वाडीत वाऱ्याचा अंदाज देवजीइतका कुणाला नव्हता. बापानं खोटं बोललेलं अनंतानं जन्मात ऐकलं नव्हतं. आणि किती सोपं होतं ते. गप्प बसायचं, बस्स. आजवर हेच होत आलं होतं, जमीन बापाच्या नावावर, घर बापाच्या नावावर, आणि आता गुन्हाही. भर वैशाखाच्या उन्हात अनंताला थंडी वाजत होती.

"नाय," तो म्हणाला. त्यानं पुन्हा म्हटलं, "नाय, सायेब. राब माझा हाय. पेटवला मी."

"गप रे," देवजी म्हणाला.

"मी पेटवला. बा इझवाया आला."

गार्डनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. गुन्हा अंगावर घ्यायला दोन माणसं भांडतायत, असं त्याच्या नोकरीत फारसं झालं नसावं. त्यानं खिशातून वही काढली, पेन्सिल ओली केली. "नाव?"

"अनंता देवजी."

"राहतोस कुठं? बापाकडंच?"

अनंतानं मागं हात केला. "हितं."

गार्डनं बघितलं. गवत जळून काळं झालेलं, त्यात सारवलेल्या जमिनीचा एक तुकडा, तीन दगडांची चूल, आणि वर काहीही नसलेले चार खांब.

"हितं?"

"हितंच, सायेब. बायको आन मी."

गार्डनं लिहिलं. काय लिहिलं ते अनंताला वाचता येत नव्हतं. "उद्या सकाळी मुरबाडच्या कचेरीत हजर हो," गार्ड म्हणाला. "नाही आलास तर मी न्यायला येईन, आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही." तो आला तसा दगडांच्या कडेनं वर चढून गेला.

गोदू उठली, लवंडलेला हंडा सरळ केला, आणि पाणी आणायला ओढ्याच्या वरच्या डोहाकडे निघाली.

देवजी खाली बघत होता. पायाच्या अंगठ्यानं राख उकरत होता. "आनंता," तो म्हणाला, "उद्या मी येऊ का संगती?"

आजवर देवजीनं लेकाला काही विचारलं नव्हतं. जा म्हटलं होतं, ये म्हटलं होतं, बाजूला हो म्हटलं होतं. येऊ का, असं कधी नाही.

अनंताला हो म्हणायचं होतं. मुरबाडला तो एकटा कधी गेला नव्हता, कचेरीच्या पायऱ्या त्यानं लांबूनच बघितल्या होत्या.

"नको, बा," तो म्हणाला. "तुमी हितं थांबा. गोदू एकली हाय, आन वर छप्पर नाय."

देवजीनं मान हलवली. मग तो वाकला आणि इकडंतिकडं पडलेले वासे गोळा करायला लागला.